मावशीच्या अहवालात बीआरसीए-१ निघाले आहे. माला-डी बंद करावी का, आणि दुसऱ्या बाळाची घाई करावी का?

द्राक्षवेल, तासगाव

नमस्कार. माझे वय ३१ असून मला चार वर्षांची एक मुलगी आहे. माझ्या आईला ४४ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला आणि तीन वर्षांनी ती गेली. तेव्हा मी बारावीत होते. गेल्या वर्षी माझ्या सख्ख्या मावशीला अंडाशयाचा कर्करोग झाल्याचे कळले. पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्या रक्ताची जनुकीय तपासणी करून घेतली आणि त्यात बीआरसीए-१ या जनुकात रोगकारक बदल असल्याचे निघाले. अहवालाची तीन पाने मावशीने देवघराच्या खणात, विम्याच्या कागदांखाली ठेवली होती. दिवाळीला गेले तेव्हा तिने ती मला दाखवली. रक्ताच्या नातेवाइकांनी जनुकीय सल्ला घ्यावा, असे शेवटच्या पानावर स्पष्ट लिहिलेले होते, पण ते वाक्य आमच्या घरात तोपर्यंत कोणी वाचलेच नव्हते.

माझे तीन प्रश्न आहेत. पहिला असा, की मुलगी दीड वर्षाची झाल्यापासून, म्हणजे अडीच वर्षे, मी माला-डी घेत आहे. गोळ्यांनी छातीचा कर्करोग होतो असे एका नातेवाइकांनी सांगितल्यापासून रात्री पाकीट हातात घेतले की गोळी काढावी की नाही, हेच कळत नाही. दुसरा प्रश्न सासूबाईंच्या सांगण्याचा आहे. त्यांच्या मते दुसरे मूल लवकर होऊ द्यावे, त्याला भरपूर अंगावर पाजावे, म्हणजे हे दुखणे जवळ येत नाही, आणि मग ऑपरेशन करून टाकावे. त्या हे मायेने सांगतात, आणि मुले झालेल्या बायकांना हा आजार कमी होतो असे मीही वाचले आहे. पहिल्या मुलीला मी आठ महिने पाजले.

तिसरा प्रश्न विचारायला मला चौदा वर्षे लागली. माझ्या पाठीवर लगेच आईला दिवस राहिले होते, मी तेव्हा अशक्त होते, म्हणून तिने गर्भपात करून घेतला. आईला आजार त्यामुळेच झाला असे आजी आजही म्हणते. हे खरे आहे का?

जुनी परिचारिका, कोरेगाव

ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते, कारण बाकीचे दोन प्रश्न थोडे थांबू शकतात, हा थांबू नये. नाही, हे खरे नाही. गर्भपात आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध तपासण्यासाठी १६ देशांतील ५३ अभ्यासांची, म्हणजे या आजाराच्या सुमारे ८३,००० स्त्रियांची माहिती एकत्र करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपणहून झालेला असो वा करून घेतलेला असो, गर्भपातामुळे धोका वाढत नाही, असे त्यातून दिसले. पूर्वीच्या काही अभ्यासांत संबंध दिसला होता, त्याचे एक कारण असे, की आजारी स्त्रीला विचारले तर ती आठवून आठवून सगळे सांगते आणि निरोगी स्त्री अशी गोष्ट सांगायचे टाळते. तुमच्या आईने तेव्हा जे केले ते तुमच्यासाठी केले असेल, पण तिचा आजार त्यातून आला नाही आणि तुमच्यामुळे तर मुळीच आला नाही. मावशींच्या अहवालावरून तो कुठून आला असावा हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

मी सातारा जिल्ह्यात तेहतीस वर्षे आरोग्यसेविका होते. गोळ्या वाटल्या, तांबी बसवायला बायकांना घेऊन गेले, ऑपरेशनच्या शिबिरांत रात्र रात्र बसले. आमच्या कार्डावर घरातील आजारांचा एक रकाना असे आणि त्यात मी कित्येक वर्षे न विचारताच ‘नाही’ असे लिहीत गेले. हे मी आज कबूल करते, कारण तो रकाना नीट विचारून भरला असता तर काही घरांतल्या लेकींना दहा वर्षे आधी सावध करता आले असते.

म्हणून माझी विनंती अशी, की डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एका कागदावर माहेरच्या तीन पिढ्या लिहून काढा आणि त्यात बायकांची नावे आधी लिहा. आपल्याकडे वंशावळ मुलांची लिहितात. लेक लग्न होऊन गेली की तिची फांदी कागदावरून जाते, पण रक्तातून जात नाही. विचारताना ‘कर्करोग कोणाला होता’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर बहुधा नकारार्थीच येते. ‘छातीत गाठ होऊन पिकली होती का’, ‘पोटात पाणी होऊन कोण गेले’, ‘पिशवी कोणाची आणि कशासाठी काढली’ असे विचारा. पोटात पाणी होऊन पन्नाशीच्या आत-बाहेर गेलेल्या ज्या बायका घराघरांत सांगतात, त्यांतल्या काहींना अंडाशयाचाच कर्करोग असणार. पिशवी काढलेल्या बाईला ‘अंडाशय ठेवले की काढले’ हे विचारले तर दहापैकी आठ जणींना ते ठाऊक नसते असा माझा अनुभव आहे. जुने कागद सापडले तर तेही सोबत घ्या. वडिलांकडची बाजूही लिहा, कारण हा बदल बापाकडूनही तितकाच येतो.

स्त्रीरोगतज्ज्ञ, मिरज

परिचारिकाताईंनी सांगितलेला कागद माझ्यासमोर आला तर माझे अर्धे काम होते. बाकीचे क्रमाने सांगतो, कारण या प्रकरणात क्रम फार महत्त्वाचा आहे.

तुम्हाला गोळीचा प्रश्न पहिला वाटतो. माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न तुमच्या अंगात तो बदल आहे की नाही, हा आहे. बीआरसीए-१ हे जनुक पेशीतील तुटलेला डीएनए दुरुस्त करण्याच्या कामात असते. त्याच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला ती सदोष प्रत मिळण्याची शक्यता निम्मी असते, मग अपत्य मुलगा असो वा मुलगी. मावशींमध्ये बदल सापडला आहे आणि आईंना ४४ व्या वर्षी कर्करोग झाला होता. म्हणजे आईंमध्येही तोच बदल असण्याची शक्यता खूप मोठी आहे आणि तुमच्यात तो असण्याची जवळपास निम्मी. मावशींच्या अहवालात नेमका कोणता बदल आहे हे लिहिलेले असल्यामुळे प्रयोगशाळेला तुमच्या रक्तात तेवढाच शोधायचा आहे. अशा तपासणीचे उत्तर स्वच्छ येते. बदल नसेल तर आईच्या आणि मावशीच्या आजाराचे ओझे तुमच्यावरून उतरते. तुमचा धोका चारचौघींइतकाच राहतो आणि माला-डीबद्दलची चिंताही तेवढ्यापुरतीच उरते. खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत कर्करोगाच्या जनुकीय समुपदेशनाची सोय आहे. मूळ अहवालाची प्रत घेऊन जा. तोंडी सांगितलेले ‘बीआरसीए’ पुरत नाही. चार वर्षांच्या मुलीची तपासणी आता करू नका, तो निर्णय तिचा तिने सज्ञान झाल्यावर घ्यायचा आहे.

आता बदल आहे असे धरून चालू. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार बीआरसीए-१ मध्ये बदल असलेल्या स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आणि अंडाशयाचा होण्याची सुमारे ४४ टक्के असते. बीआरसीए-२ या तशाच दुसऱ्या जनुकात बदल असेल तर हेच आकडे ६९ आणि १७ आहेत. गोळीचा विचार करताना ही दोन्ही अवयवांची जोडी डोळ्यांसमोर ठेवावी लागते, कारण गोळी त्या दोघांशी सारखी वागत नाही. बदल असलेल्या स्त्रियांत गोळी घेतलेल्यांना अंडाशयाचा कर्करोग जवळपास निम्म्याने कमी होतो, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. स्तनाच्या बाबतीत चित्र गढूळ आहे. २००२ च्या एका अभ्यासात १९७५ पूर्वी गोळी घेतलेल्या, तिशीच्या आत घेतलेल्या किंवा पाच वर्षांहून जास्त घेतलेल्या बीआरसीए-१ वाल्या स्त्रियांत धोका थोडा वाढलेला आढळला. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र केल्यावर अलीकडच्या गोळ्यांचा तसा परिणाम दिसला नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी मोठ्या पाहणीत मात्र बीआरसीए-१ मध्ये सुमारे २९ टक्क्यांची वाढ दिसली, वापराची वर्षे जास्त तशी ती जास्त होती, आणि बीआरसीए-२ मध्ये तशी स्पष्ट वाढ दिसली नाही.

हे सगळे समोर ठेवून माझे मत असे आहे, की ज्या स्त्रीत बीआरसीए-१ चा बदल सिद्ध झाला आहे आणि जिला केवळ पाळणा लांबवायचा आहे, तिला मी गोळीऐवजी तांबी सुचवतो. तांबीत गोळीसारखे संप्रेरक (हार्मोन) नसते आणि तिचा स्तनाशी काही संबंध येत नाही. केवळ घरात स्तनाचा कर्करोग आहे एवढ्या कारणावरून जागतिक आरोग्य संघटना गोळी वर्ज्य मानत नाही. स्वतःला तो आजार झालेला असेल तर मात्र ती देत नाहीत. म्हणून तुमचा अहवाल येईपर्यंतच्या काही आठवड्यांत पाकीट चालू राहिले तर आकाश कोसळत नाही. भीतीपोटी पाकीट मध्येच सोडून, दुसरे काहीही न वापरता नको असताना दिवस राहणे, हे मी दवाखान्यात अनेकदा पाहिले आहे, ते टाळा. मन अगदीच घेत नसेल तर निरोध वापरा आणि मगच गोळी सोडा.

सासूबाईंनी सांगितलेल्या ऑपरेशनबद्दलही बोलतो, कारण आपल्या राज्यात लग्न झालेल्या स्त्रियांपैकी निम्म्यांच्या आसपास जणींनी ते करून घेतलेले असते आणि त्याबद्दल विचार करायला कोणी फारसे थांबत नाही. नसबंदीने स्तनाचा धोका ना वाढतो ना घटतो. बदल असेल तर मूलबाळ झाल्यावर ३५ ते ४० या वयात दोन्ही अंडाशय आणि गर्भनलिका काढून घेण्याचा सल्ला दिला जातो, म्हणून शिबिरात नुसत्या नळ्या बांधून घेण्यापूर्वी पुढचा सगळा बेत एकाच डॉक्टरांशी बोलून ठरवा.

गणिताचे शिक्षक, विटा

मी डॉक्टर नाही, पण माझ्या पत्नीच्या आजारपणात हे आकडे मी वर्षभर वाचले, म्हणून नातेवाइकांच्या वाक्याविषयी थोडे लिहितो. ‘गोळीने कर्करोग होतो’ या वाक्यामागे बहुधा डेन्मार्कचा २०१७ चा अभ्यास असतो. तेथील सुमारे १८ लाख स्त्रियांच्या नोंदींवरून संप्रेरकांची गर्भनिरोधके घेणाऱ्यांत धोका २० टक्क्यांनी जास्त असल्याचे दिसले. वीस टक्के म्हटले की पाचातली एक डोळ्यांसमोर येते, पण अर्थ तसा नाही. सुमारे ७,७०० स्त्रियांनी वर्षभर वापर केला तर त्यांत एक जास्तीची रुग्ण, असा त्याचा हिशेब आहे, आणि पस्तिशीच्या आतल्या स्त्रियांत तर ती वाढ वर्षाला लाखात दोन एवढीच होती. १९९६ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार गोळी थांबवल्यावर दहा वर्षांनी हा जास्तीचा धोका उरत नाही. शिवाय जुन्या अभ्यासांतील बायकांनी घेतलेल्या गोळ्या वेगळ्या होत्या. १९६० मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन ०.१५ मिलिग्रॅम होते; माला-डीच्या २१ गोळ्यांपैकी प्रत्येकीत ते ०.०३ मिलिग्रॅम असते आणि उरलेल्या सात गोळ्या लोहाच्या असतात.

मुलांच्या संख्येविषयीचे निरीक्षण फार जुने आहे. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी १७१३ मध्ये लिहून ठेवले होते, की मठांतील जोगिणींना स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांपेक्षा अधिक होतो. पुढे २००२ मध्ये ३० देशांतील ४७ अभ्यासांवरून असे आकडे निघाले, की प्रत्येक बाळंतपणामागे धोका ७ टक्क्यांनी आणि अंगावर पाजलेल्या प्रत्येक बारा महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी घटतो. तेव्हा सासूबाईंचे म्हणणे निराधार नाही. मात्र हा फायदा लगेच मिळत नाही. बाळंतपणानंतर धोका काही काळ वाढतो, पाच वर्षांच्या सुमारास तो सर्वाधिक असतो, आणि संरक्षण दिसू लागायला वीसहून अधिक वर्षे लागतात. तुमच्या आईंना ४४ व्या वर्षी आजार झाला हे लक्षात घेतले, तर जो फायदा पन्नाशीनंतर हाती येतो त्याच्या भरवशावर तिशीत मूल होऊ देण्याचा हिशेब जुळत नाही.

कृष्णाकाठ, वाई

मी ३९ वर्षांची आहे आणि माझ्यात बीआरसीए-१ चा बदल आहे. आत्याला आणि मोठ्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाल्यावर तपासणी केली. आमच्याकडे तो वडिलांकडून आला, आणि वडील आजही ठणठणीत आहेत.

दुसरे मूल तुम्हाला हवे असेल तर जरूर होऊ द्या, औषध म्हणून होऊ देऊ नका. मला हेच एका समुपदेशक बाईंनी सांगितले होते आणि त्या वेळी मी रडले होते, कारण दोन वर्षे मी दर महिन्याला पाळी आली की कर्करोग एक पाऊल जवळ आला असे समजत होते. बदल असलेल्या स्त्रियांत मुलांच्या संख्येचे संरक्षण सर्वसाधारण स्त्रियांसारखे सरळ दिसत नाही. पाजण्याचे मात्र दिसते: बीआरसीए-१ मध्ये सर्व मुलांचे मिळून किमान एक वर्ष अंगावर पाजलेल्यांना धोका सुमारे ३२ टक्क्यांनी कमी आढळला, बीआरसीए-२ मध्ये तसे आढळले नाही. तुमचे आठ महिने त्यात धरलेले आहेत, ताई. पुढे बाळ झालेच तर चार महिन्यांत वर्ष पुरे होते. मी धाकट्याला चौदा महिने पाजले, आणि ते आकड्यांसाठी नव्हते, तो सोडतच नव्हता.

पण ज्याने मला खरोखर झोप लागू लागली ते वेगळे आहे. वर्षातून एकदा एमआरआय, वर्षातून एकदा मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे, सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासणी. एमआरआय २५ व्या वर्षापासून आणि मॅमोग्राफी ३० व्या वर्षापासून सुरू करतात, म्हणजे तुमचे वय दोन्हींसाठी झालेले आहे. एमआरआयच्या टेबलावर दोन खळगे असतात, त्यांत स्तन येतील असे उपडे झोपवतात, दंडात सुई असते, आणि अर्धा तास कपाळ टेकून यंत्राचा ठोका ऐकत पडावे लागते. पाळीच्या सातव्या ते पंधराव्या दिवसांतली वेळ मागून घ्या, त्या दिवसांत चित्र स्वच्छ येते. मला हे पहिल्या वेळी कोणी सांगितले नव्हते आणि तपासणी पुन्हा करावी लागली. मधल्या काळात मी तांबी वापरली. ३७ व्या वर्षी अंडाशय आणि नलिका काढून घेतल्या. एकाएकी पाळी गेल्याने अंगातून वाफा येतात, झोप मोडते, सांधे दुखतात. त्यासाठी औषधे मिळतात आणि मी ती घेते. हे सोपे नाही. माझ्या बहिणीची केमो मी पाहिली आहे, म्हणून मला ते झेपले.

द्राक्षवेल, तासगाव

तुम्हा सर्वांचे उत्तर मी दोनदा वाचले आणि परिचारिकाताईंचा पहिला परिच्छेद फोनवरून आजीला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, की तिची स्वतःची थोरली बहीण पोटात पाणी होऊनच गेली होती, जतला, दुष्काळाच्या वर्षी, आणि ही गोष्ट तिने आजवर कोणाला सांगितली नव्हती. मी ते कागदावर लिहिले आहे. मावशीच्या अहवालाची झेरॉक्स काढली आहे आणि पुढच्या महिन्यात खारघरला जाण्याचे आम्ही दोघांनी ठरवले आहे. सासूबाईंना तांबीचे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, की ती पुढे काढता येते ना.

एक गोष्ट मात्र कागद लिहिताना लक्षात आली आणि तेव्हापासून चैन नाही. माझ्या धाकट्या भावासाठी मामाच्या मुलीचे स्थळ जवळजवळ ठरले आहे. साखरपुडा वैशाखात आहे. मामा म्हणजे आईचा आणि मावशीचा सख्खा भाऊ. तो म्हणतो, की हा बायकांचा आजार आहे, त्याचा याच्याशी काय संबंध.

स्त्रीरोगतज्ज्ञ, मिरज

संबंध आहे, आणि तुमच्या लक्षात आला हे बरे झाले. मामांमध्ये हा बदल असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि त्यांच्यात असेल तर त्यांच्या मुलीत असण्याची पुन्हा निम्मी. तुमच्या भावाचेही तुमच्यासारखेच आहे. दोघांमध्ये तो निघाला तर प्रत्येक गर्भाला दोन्हीकडून सदोष प्रत मिळण्याची शक्यता चारांत एक असते. असा गर्भ बहुधा टिकत नाही, आणि क्वचित मूल जन्मले तर ते फॅन्कोनी अ‍ॅनिमियासारख्या गंभीर आजाराचे असते. दोघांपैकी एकातच बदल असेल किंवा दोघांतही नसेल, तर या कारणावरून स्थळ मोडण्याची गरज नाही.

मामांना सोबत घेऊन जा. त्यांचे रक्त आधी तपासले आणि त्यात बदल नसेल, तर त्यांच्या सगळ्या मुलींचा प्रश्न एका नळीत मिटतो. असेल तर मुलगी सज्ञान आहे, तिला आणि तुमच्या भावाला वेगवेगळे बसवून समुपदेशकांना बोलू द्या, आणि साखरपुड्याची तारीख दोघांचे अहवाल हातात आल्यावर धरा. खारघरला आधी फोन करून एकाच दिवसाची वेळ तिघांसाठी मागितली तर एक फेरी वाचेल.